मनाच्या बाईंकडे वेळ मागितली

कारखान्यात आतल्या खोलीत जाण्याआधी आम्हां बायकांना हात दाखवावे लागत. दारात नर्स उभी असे. तळवे वर, मग खाली, मग नखं. त्या दिवशी तिने माझे हात धरले ते सोडलेच नाहीत.

"हे काय करून घेतलंस?"

पेरांवरची कातडी फाटली होती आणि फटीतून लाल दिसत होतं. मी म्हटलं, "राखेनं भांडी घासली, त्यानं झालं असेल." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला बाजूला उभं केलं. बाकीच्या जणी पांढरे डगले घालून, तोंडाला फडकी बांधून आत गेल्या. दार लागलं. मी बाहेरच राहिले.

पिंपरीचा तो औषधाचा कारखाना तेव्हा नवा होता. आमच्याकडे भरलेल्या कुप्यांना बुचं बसवण्याचं काम होतं. पहिल्याच दिवशी सुपरवायझरनी आम्हांला रांगेत उभं करून सांगितलं होतं, "एक जंतू आत गेला, तर कुठंतरी एखादं मूल दगावेल. ध्यानात ठेवा." सगळ्यांनी ध्यानात ठेवलं आणि डबा खायला बसल्या तेव्हा विसरल्या. माझ्या डोक्यातून मात्र ते मूल जाईना. ते कुठलं, मुलगा की मुलगी, काही माहीत नव्हतं. पण मी बूच लावलं की वाटायचं, आता ते मूल गेलं. मग मी हात धुवायची. घरी आल्यावरही धुवायची. कारखान्यातले हात घरी कशाला धुवायचे, हे मलाही कळत होतं. कळून उपयोग होत नव्हता.

चिंचवडला आम्ही एका खोलीत भाड्याने राहत होतो. मी, माझे मालक आणि सासूबाई. मालक खडकीला कामाला होते. सासूबाई चाकणकडच्या, शेतीतल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. मागच्या अंगणात आड होता. मी पोहरा सोडायची, ओढायची, हात धुवायची, पुन्हा सोडायची. दोराने तळवे सोलवटत, मग त्या सोलवटलेल्या जागी काही गेलं असेल म्हणून पुन्हा साबण. आत्याबाई उंबऱ्यात बसून बघत.

"काय व्हतंय गं पोरी तुला?"

"आत्याबाई, हात स्वच्छ झाले का?"

"हाय की सवच्छ."

"नीट बघा ना."

"हाय म्हंते न्हवं!"

तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. चुलीपाशी जाऊन बसेपर्यंत पुन्हा उठायची. बसणं म्हणून व्हायचंच नाही. भाकरी थापताना पीठ टाकून उठायची, उठलेली परत बसायची आणि तोवर तवा काळा व्हायचा.

नर्सने मला कारखान्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी मलम लिहून दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दिवसातून किती वेळा धुता?" मला रडूच फुटलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"मलमानं कातडी भरेल, बाई. पण तुम्ही पुन्हा धुणार. पुण्यात एक बाई आहेत, मनाचं शास्त्र शिकलेल्या. त्यांच्याकडे जा. पण असं उठून जायचं नाही हं. आधी लिहून वेळ मागायची."

"येरवड्याला का?" माझ्या तोंडून निघालं.

"नाही, नाही. त्या त्यांच्या राहत्या घरात भेटतात. साध्या खोलीत. येरवड्याचं नाव कशाला घेता?"

नाव तर सगळेच घेत होते. कुणी जरा वेगळं वागलं की गावात म्हणत, याला येरवड्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडा. संध्याकाळी मालकांना सांगितलं तेव्हा ते उठले. दारापर्यंत गेले, परत आले.

"कुणाला कळलं तर?"

"डॉक्टर म्हणाले, कळत नाही कुणाला."

"कार्ड टाकलंस तर पोस्टमनच वाचेल सगळं. पाकीट घाल." मग ते स्वतःच पाकीट घेऊन आले.

मी सातवी पास होते, पत्र लिहिणं काही अवघड नव्हतं. पण काय लिहायचं? रोग काय म्हणून सांगायचा? तीन कागद फाडले. शेवटी एवढंच लिहिलं, की माझं नाव अमुक, कारखान्यातल्या डॉक्टरांनी पाठवलं आहे, माझे हात धुणं थांबत नाही, कृपा करून वेळ द्यावी. पाकीट पेटीत टाकल्यावर वाटलं, आपला हात पेटीच्या तोंडाला लागला. परत घरी येऊन धुतला.

उत्तर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कारखान्यात मला बाहेरच्या विभागात लेबलं चिकटवायला बसवलं होतं. डिंकाने बोटं चिकट व्हायची आणि मी सारखी नळाकडे पळायची. बायका हसायच्या. पोस्टमनची सायकल वाजली की मी आडावरून पळत दारात यायची. एकदा पोहरा तसाच आत पडला आणि आत्याबाईंनी गळ टाकून तो काढला.

उत्तर पाकिटातून आलं. अक्षर गोल, सुटं. कोणत्या वारी, किती वाजता, ते लिहिलं होतं. पुढे असं होतं, की येण्याचं जमणार नसेल तर आधी कळवावं, म्हणजे ती वेळ दुसऱ्या कुणाला देता येईल. सोबत कुणी आलं तर चालेल, पण बोलताना ते बाहेर बसतील. एखादं औषध घेत असाल तर ते बरोबर आणावं. आणि खाली एक ओळ होती: "काय सांगायचं याची तयारी करून यायची गरज नाही."

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. मालक म्हणाले, "तयारी नको तर मग जायचं कशाला?"

आम्हांला दवाखाना ठाऊक होता. दवाखान्यात लवकर जाऊन नंबर लावायचा असतो. म्हणून वेळ साडेदहाची असूनही आम्ही पहिल्या गाडीने निघालो. शिवाजीनगरला उतरून डेक्कनपर्यंत चालत गेलो. घर सापडलं तेव्हा रस्त्यावर दूधवाल्यांखेरीज कुणी नव्हतं. आम्ही पायरीवर बसलो. बसलो म्हणजे मालक बसले. मी फाटकापासून पायरीपर्यंत येरझाऱ्या घालत होते. ऊन चढलं तसं एक गृहस्थ आले, काळा कोट, हातात छत्री. आम्हांला बघून थबकले, मान खाली घालून आत गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. माझ्यापुढून जाताना त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढा शिकलेला माणूस, आणि माझ्यासारख्या बाईला लाजला. मला त्यांची फार दया आली, आणि जरा धीरही आला.

मागोमाग बाई बाहेर आल्या. चाळिशीच्या असतील. नऊवारी नाही, पाचवारी पातळ, चष्मा.

"तुम्ही केव्हापासून बसलात?"

मालकांनी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथे नंबर नसतो. तुमची वेळ ही तुमचीच असते. लवकर येऊन बसलात तर आधीच्या माणसाला संकोच होतो, म्हणून मी वेळा वेगळ्या देते. पुढच्या खेपेला थोडंच आधी या." मालकांना त्यांनी ओट्यावर खुर्ची दिली, मला आत घेतलं.

आत दोन खुर्च्या, एक टेबल, खिडकीत कुंडी. मला वाटलं होतं, पलंग असेल, यंत्रं असतील. मी उभीच राहिले. त्या खुर्चीवर आत्ताच ते गृहस्थ बसून गेले होते.

"बसा."

"नको."

"बरं. उभ्यानं बोललात तरी चालेल." आणि त्या खरंच तसंच बोलू लागल्या, जणू उभं राहणं हीही एक रीत आहे. "मी औषधाची डॉक्टर नाही. मी गोळी देत नाही, इंजेक्शन देत नाही. आपण बोलणार. तासभर. इथे बोललेलं इथेच राहील. तुमच्या कारखान्याला मी काही कळवणार नाही, तुमच्या यजमानांनाही तुम्ही म्हणाल तेवढंच सांगेन."

"मला येरवड्याला पाठवाल?"

"नाही."

एवढंच. समजूत नाही, शपथ नाही. मग मी त्या मुलाचं सांगितलं. कधी कुणाला सांगितलं नव्हतं. की कुठंतरी एक मूल आहे, त्याला माझ्या हातचं औषध टोचतील आणि ते दगावेल. सांगताना मी खिडकीपाशी जात होते, दाराशी येत होते. त्यांनी मला थांबवलं नाही. मला वाटलं, आता म्हणतील, असं काही होत नसतं. त्या म्हणाल्या, "फार दमत असाल."

गाडीत मालकांनी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"दमत असाल म्हणाल्या."

"ते तर मीपण सांगितलं असतं! त्याला पुण्याला कशाला जायचं?"

मलाही राग आला होता. काहीच दिलं नाही. ना पुडी, ना पथ्य. पुढची वेळ मात्र त्यांनी ठरवून दिली होती. त्या दिवशी मी एकटी निघाले आणि शिवाजीनगरला उतरून पाऊलच उचलेना. फलाटाच्या नळावर हात धुतले. बाकावर कुणी बसलेलं होतं, तिकडे गेले नाही. परतीची गाडी आली, चढले नाही. पुन्हा नळ. मग एकदम धावतच सुटले. पोचले तेव्हा वेळ संपत आली होती.

बाई दारातच उभ्या होत्या. मला वाटलं, रागावतील. म्हणाल्या, "थोडा वेळ उरलाय. तो तुमचाच आहे, या." आणि तेवढाच दिला, त्याहून जास्त नाही, कारण पुढचं माणूस यायचं होतं. त्या थोड्या वेळात मी पहिल्यांदा खुर्चीच्या कडेवर टेकले. त्या म्हणाल्या, "हात धुणं बंद करा असं मी सांगणार नाही. तुम्हांला जमणार नाही. धुवावंसं वाटलं की जरा थांबा. चहाला आधण येईपर्यंत थांबा. मग धुवा. थांबताना काय होतं ते मला येऊन सांगा."

 चुलीपुढे आधणाकडे बघत मी मुठी वळून बसायची, उठायची, पुन्हा बसायची. कधी आधण यायच्या आतच आडाकडे पळायची. बाईंना जाऊन तसंच सांगायची. त्या "बरं" म्हणायच्या. एकदा म्हणाल्या, "घरात तुम्ही कुणाला विचारता, हात स्वच्छ आहेत का म्हणून?" मी आत्याबाईंचं सांगितलं. "तुमची हरकत नसेल तर एकदा त्यांना घेऊन या."

आत्याबाईंना मी काय सांगणार? म्हटलं, पुण्याच्या बाईंनी बोलावलंय. त्या लुगडं नेसून तयार झाल्या. खोलीत जाताच त्यांनी विचारलं, "बाई, सुनेला बाधा हाय का? खरं सांगा. आमच्याकडं उतारा करत्यात."

"बाधा नाही, आजी. भीती आहे. तुम्ही तिला मदत करता का?"

"करते की. हात सवच्छ हाय म्हणून सांगते. दिसभर सांगते."

"ते आता सांगायचं नाही."

आत्याबाई माझ्याकडे बघू लागल्या. "म्हंजी? पोरगी इचारंल तरी बोलायचं न्हाई?"

"म्हणायचं, तू विचारलंस, पण मी उत्तर देणार नाही. आणि जवळ बसायचं."

"लई वंगाळ वाटंल तिला."

"वाटेल. तुम्हांलाही वाटेल."

घरी आल्यावर मी विचारलंच. आत्याबाईंनी ओठ घट्ट मिटले. मी पुन्हा विचारलं, ओरडले, पातेलं आपटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या म्हणाल्या, "म्या न्हाई सांगणार. त्या बाईनं सांगितलंय." आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या, मांडीला मांडी लावून. मला पळून जाता येईना. आधण उकळून उकळून आटलं. मी हात धुतले नव्हते. कळलं तेव्हा मी आत्याबाईंचा दंड धरून बसले होते, त्याच हातांनी.

असं रोज झालं नाही. बरं होऊन पुन्हा बिघडायचं. वर्षभर मी जात राहिले, आधी दर आठवड्याला, मग अंतर वाढवत. न जमलं तर पाकिटाने आधी कळवायची. कातडी भरली. आतल्या खोलीत परत घेऊ म्हणाले तेव्हा बाईंना विचारलं, जाऊ का? त्या म्हणाल्या, "ते तुम्ही ठरवा." मी लेबलांवरच राहिले. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

त्यानंतर कधीतरी आमच्याच विभागातली एक बाई जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसली. तिचा भाऊ घराबाहेर पडत नव्हता. माझं कुठून कळलं, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी तिला सांगितलं, की पाकिटातून लिही, वेळ मिळेल त्या वेळेला जा, फार आधी जाऊन बसू नकोस. तू सोबत जा, पण बाहेर बस. घरी आल्यावर काय बोलला म्हणून खोदून विचारू नकोस.

"आणि तो तिथं बोललाच नाही तर?"

"तर नाही बोलणार. मी तर बसतसुद्धा नव्हते."

तिने आपला डबा उघडला, त्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे केली. माझ्या बोटांना डिंक होता. मी भाकरी घेतली आणि खाल्ली.