रेवणप्पांचा अर्धा फेरा

शिरूर अनंतपाळात रेवणप्पाकाकांचा जुना ट्रक एकटे रेवणप्पाकाकाच चालवू शकत. कारण एवढंच, की स्टेअरिंग अर्धा फेरा नुसतंच फिरायचं आणि मग कुठं चाकांना जाग यायची. काका मात्र ही आपली कला समजत. "गाडीला माझ्या हाताची सवय हाय," म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण ऐकतो. हौसेनं अंगण वाकडं ठेवून नाचणारा माणूस मी हा एकच पाहिला.

त्यांच्या मुलीनं, स्वप्नालीनं, लातूरला जाऊन मोठ्या गाडीचं लायसन काढलं. यंदा दसऱ्याचं सीमोल्लंघन तिला स्वतः ट्रक चालवून करायचं होतं. काका म्हणाले, "स्टेअरिंग दुरुस्त झाल्यावर बघू." ते कधी होणार, ते सांगत नसत. शेवटी शिवकांताकाकूंनी पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याची दोन्ही नवी टोकं मागवली आणि नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवली. "हे बसवा, मग जेवा."

काकांनी अंगणातच गाडी जॅकवर घेतली. जुनी टोकं पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. एक टोक हातोडीनं ठोकून काढलं, नवं बसवलं. दुसऱ्याला हात घालायचा, तर चहा, तंबाखू, पुन्हा चहा असं करत खांडेनवमी उजाडली. काकांनी अंघोळ करून कपाळाला विभूती लावली, नटबोल्टचे सगळे पाने नि हातोडी पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं.

"हत्यारं पूजेला बसली. आज हात लावायचा न्हाई."

एवढ्या भक्तिभावानं पूजा करताना त्यांना घरात कुणी पाहिलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उचलली, तशी स्वप्नाली हळद लागलेला पाना घेऊन ट्रकखाली शिरली. उरलेलं टोक बसवलं, नट आवळला, पिन घालून वाकवली, दोरी लावून चाकं सरळ आहेत का तेही पाहिलं. काका वाकवाकून चूक शोधत होते. सापडली नाही.

"आधी मीच बघतो," म्हणत ते चढले. गल्लीत वळताना सवयीनं अर्धा फेरा जास्त दिला आणि गाडी तडक शेजारच्या मल्लिनाथच्या उकिरड्यात गेली. मला हसू आवरेना. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि फार वाईट वाटलं. उभ्या आयुष्याची कला त्या दोन टोकांनी संपवली होती.

काका उतरले आणि क्लीनरच्या बाजूनं चढून बसले. स्वप्नालीनं गाडी मागं घेतली, आम्हाला सगळ्यांना नीट शिवेपर्यंत नेलं. वळण आलं, की काकांचे हात मांडीवरच फिरत.

शिवेवर तिनं त्यांच्या हातात आपट्याचं पान दिलं, पाया पडली आणि विचारलं, "आप्पा, परत जाताना तुम्ही घेता का?"

"न्हाई," काका म्हणाले. "सरळ गाडी मला येत न्हाई. तू शिकव."