सुपातलं कारळ

कारळ भाजल्याचा वास आला की मला ती संध्याकाळ आजही आठवते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपूरच्या एका ठाण्यात फौजदार होतो. वय कमी, मिशी मोठी, आणि समोर बसलेला माणूस खोटंच बोलतो अशी पक्की खात्री. नावं कुणाचीच सांगत नाही. ज्याच्याबद्दल लिहितोय तो अजून नागपुरातच आहे आणि माझ्या घरी येतो-जातो.

मे महिन्यात इतवारीतला एक दुकानदार सकाळीच ठाण्यात आला. कापड गिरणीतला एक फिटर त्याच्याकडून वरचेवर गंधक नेत होता, आणि या खेपेला त्याने बारीक चाळणीही मागितली होती. "औषधाचा धंदा नाही, काही नाही, मंग काहून नेते हा माणूस?" दुकानदाराने विचारलं. गावठी बाँबची धास्ती तेव्हा सगळ्याच ठाण्यांना होती. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि साध्या वेशातला एक शिपाई फिटरच्या चाळीकडे पाठवला. तो बाराच्या सुमारास परत आला. चाळीच्या छतावर शेजाऱ्यांच्या कुरड्या-पापडांच्या रांगेत एका सुपात काळे, बारीक दाणे वाळत घातले होते. त्या शिपायाला मी तिथेच उभं ठेवायला हवं होतं. ऊन मी म्हणत होतं, म्हणून मी त्याला जेवायला पाठवलं.

तीन वाजता पाळी सुटली तेव्हा आम्ही फिटरला गिरणीच्या फाटकावरच ताब्यात घेतलं. दोन पंच बोलावून त्याच्या खोलीची झडती घेतली. लाकडी खल, चाळण्या, कागदाच्या नळ्या, सगळं मिळालं. मग छतावर गेलो, तर छत रिकामं. फिटरने एकदा छताकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान खाली घातली. पुरावा गायब करून वर साळसूदपणाचा आव आणतोय, असं मला वाटलं. पंचनामा उरकून त्याला ठाण्यात आणलं.

"बंदुकीची दारू कशासाठी बनवलीस?"

"अनारासाठी जी, साहेब. बुद्ध पौर्णिमा आली ना. वस्तीतल्या लेकरायले मी दरवर्षी अनार उडवून दाखवतो. बाजारच्या दारूचा दाणा लहानमोठा राहते, अनार मधातच फुसकते. म्हणून घरीच दाणा पाडतो. शौक आहे, दुसरं काही नाही."

"आणि माल कुठे लपवलास?"

"तुमच्यापाशीच आहे ना."

मी तोच प्रश्न दहा प्रकारे विचारला. दहाही वेळा तेच उत्तर, तेही शांतपणे. शेवटी माझा हात वर गेला. आमचे जुने हवालदार मुद्दाम मोठ्याने खोकले, म्हणून तो तसाच खाली आला. आज हे लिहितानाही त्या हाताची लाज वाटते.

साडेपाचला हवालदारांनी चहा आणला. मला थोडं थंड करावं म्हणून असेल, ते घरच्या गप्पा सांगू लागले. "दुपारची वावटळ पाहिली का, साहेब? आमच्या कुरड्या गेल्याच असत्या. शेजारणीनं उचलून आत नेल्या म्हणून वाचल्या."

कप माझ्या हातातच राहिला. त्या छतावर कुरड्याही नव्हत्या. फिटरला लपवायचंच असतं तर त्याने आपलं सूप लपवलं असतं, शेजाऱ्यांच्या कुरड्या कशाला लपवेल? आणि वावटळ आली तेव्हा तो गिरणीत होता.

"वारं सुटलं की तुमच्या छतावरचं वाळवण कोण उचलतं?" मी विचारलं.

"मावशी. खालच्या खोलीतली. सगळ्यायचं उचलते, मंग ज्याचं त्याले देते." बोलता बोलता त्याचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे... तुमच्यापाशी नाही?"

"नाही."

"साहेब, मावशीची शेगडी पेटली असन आता!"

बेड्या घालायचं कुणाला सुचलं नाही. जीपमध्ये तो माझ्या शेजारी बसला होता आणि सारखा म्हणत होता, "मले वाटलं तुमी नेलं. मले वाटलं तुमीच नेलं."

साठीची ती विधवा बाई खोलीच्या दाराशी चष्मा लावून बसली होती. सूप मांडीवर, शेगडी दोन हातांवर, शेगडीवर तवा. ती दाण्यांतले खडे निवडत होती. मी ओरडणार तेवढ्यात फिटरने माझा दंड घट्ट धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, हलू नको वं. सूप मांडीवरच राहू दे."

"काहून गा? हे तुयंच कारळ आहे ना? हाताले काळंच लागून राहिलं. म्हटलं एकटा जीव, भाजून चटणी करून द्यावं तुले."

त्याने मांडीवरून सूप अलगद उचललं, पाठ शेगडीकडे केली आणि एकेक पाऊल टाकत नळावर गेला. तिथे त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाणी टाकू का, साहेब?" तो माझा मुद्देमाल होता. पण घरोघरी चुली पेटल्या होत्या आणि पोरं भोवती जमू लागली होती. चिमूटभर दाणे पुडीत घेऊन मी म्हणालो, "टाक." त्याच्या महिनाभराच्या शौकाचं काळं पाणी नालीतून वाहून गेलं. मग तो तिथेच बसून ढसाढसा रडला. "मायी मावशी गेली असती." सगळा प्रकार कळल्यावर मावशीने त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले, आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

विनापरवाना स्फोटक बाळगल्याचा गुन्हा दाखल झाला. अहवालात मी शिपायाला जेवायला पाठवल्याचंही लिहिलं आणि वरिष्ठांची बोलणी खाल्ली. फिटरने कोर्टात सगळं कबूल केलं. दंडावर सुटला, नोकरीही वाचली. पुढे मीच त्याची कळमेश्वरच्या वाटेवरच्या एका परवानाधारक आतषबाजीवाल्याशी गाठ घालून दिली. सुट्टीच्या दिवशी तो तिकडे जाऊन त्यांच्या देखरेखीखाली काम करू लागला. पुढच्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला रीतसर परवानगी काढून मोकळ्या मैदानात अनार उडाले. मी बंदोबस्ताला होतो. एकही मधात फुसकला नाही. मावशी पहिल्या रांगेत बसून पोरांपेक्षा मोठ्याने ओरडत होती, आणि मला फार बरं वाटलं.

नोकरीत मी पुष्कळ खोटं ऐकलं, पण सगळ्यात उद्धट वाटलेलं उत्तर खरं निघालं. त्याला ठाऊक होतं तेवढंच तो सांगत होता. "तुला असं का वाटतं?" एवढं मी पहिल्याच वेळी विचारलं असतं, तर त्या बाईवर ते सूप मांडीवर घेऊन शेगडीजवळ बसायची वेळच आली नसती. त्या दिवसापासून हात उचलण्याआधी तो प्रश्न विचारायची सवय मी लावून घेतली. निवृत्तीपर्यंत ती सुटली नाही.

मावशी पुढे म्हातारपणाने गेली. त्याआधी फिटरचं लग्न झालं होतं, आणि तिने त्याच्या बायकोला आपली चटणी शिकवली. दर बुद्ध पौर्णिमेला तो माझ्याकडे कारळाच्या चटणीची बरणी घेऊन येतो. झाकणावर त्याच्या वळणदार अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली असते: "खाण्याचे."