वीसमिनिटे आणि तळ्याकाठचा बाक

वीसमिनिटे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. वसाहतीतल्या निवृत्त मंडळींनी ठेवलेलं नाव ते. पण इतकं अंगाला बसलं होतं की नव्याने राहायला आलेला एक शेजारी त्या नावाची पाटी शोधत दोनदा जिना चढला-उतरला होता. कारण साधं. हा माणूस कुठेही बसला की वीस मिनिटांनी उठायचा. जेवताना, दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर, अगदी कुणाच्या घरी भेटायला गेल्यावरसुद्धा. चार पावलं जायचा, समोरच्या भिंतीकडे डोळे बारीक करून बघायचा आणि परत येऊन बसायचा. "काय बघितलंत?" असं कुणी विचारलं की ओशाळायचा.

त्याचं असं होतं. वीसमिनिट्यांनी चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात बॉयलर सांभाळला. धुलाईघराची वाफ, वॉर्डांतलं गरम पाणी, सगळं तिथून वर जायचं. दर वीस मिनिटांनी उठायचं, काचेच्या नळीत पाणी किती आहे ते बघायचं, दाबाचा काटा बघायचा, वहीत लिहायचं. पाणी उतरलं आणि बघणाऱ्याला डुलकी लागली, तर वरच्या मजल्यांचं काय होईल याचा विचारही करायचा नाही. दुसरा नियम त्याहून कडक. पुढच्या पाळीचा माणूस शेजारी येऊन उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नाही. तो यायचा, खांद्यावर हात ठेवायचा.

"पाणी?"

"अर्धी काच."

"दाब?"

"ठीक."

"निघ."

मग निघायचं. शेवटच्या दिवशी मात्र बॉयलर कायमचा थंड करायचा होता, त्यामुळे पुढच्या पाळीचं कुणी आलंच नाही. वीसमिनिटे साहेबांनी दिलेली शाल खांद्यावर घेऊन घरी आले. बॉयलर भंगारात गेला त्याला सहा वर्षं झाली. पायांना अजून कुणी "निघ" म्हटलेलं नव्हतं.

थंडी सरून झाडांना तांबूस कोवळी पानं फुटली की भूगोलाचे निवृत्त मास्तर वसाहतीच्या फळ्यावर कागद लावायचे. बागेतले वाफे खणायला कोण, नदीकाठी चालायला कोण, झाडाखाली बसून चित्रं काढायला कोण. वाफ्यांच्या कामात वीसमिनिटे खुश असते. तिथे उठबस आपोआपच होते. पण बायकोचे गुडघे दुखरे, आणि तिला वेड पक्ष्यांचं. तळ्याकाठी एक बाक होता. समोर पाणगवतात टिबुकलीचं तरंगतं घरटं. टिबुकली म्हणजे बदकाहून पुष्कळ लहान, गोलमटोल, डोळा लवायच्या आत बुडी मारणारी. दर रविवारी जोडीने दोन तास त्या बाकावर बसायचं, हलायचं नाही, दिसेल ते लिहायचं. बायको वर्षभर त्या बाकाची वाट बघायची.

मागच्या वसंतात वीसमिनिटे तिच्याबरोबर बसले आणि विसाव्या मिनिटाला उठले. टिबुकलीने ओलं शेवाळ भराभरा अंड्यांवर ओढलं आणि पाण्यात नाहीशी झाली. दोन तास संपल्याची मास्तरांची शिट्टी वाजेपर्यंत काही ती परत आली नाही. अंडी गार पडली असतील या धास्तीने बायकोला त्या रात्री घास गेला नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं.  आणि या वर्षी फळ्यावर त्यांनी वाचलं ते असं: बाकापुढे बायकोचं नाव, त्यांच्या जागी पोस्टातल्या ताईंचं.

पोस्टातल्या ताईंनी उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे काढलेला. बोलायच्या त्या शिक्का मारल्यासारख्या. वीसमिनिटे त्यांच्या दारात चपला न काढता घुटमळत राहिले.

"या ना आत. का इथेच वीस मिनिटं काढणार आहात?"

"एक रविवार मला द्या, ताई. पहिला."

"कशाला? पुन्हा पक्षी उडवायला?"

"टिबुकली उडत नाही फारशी. बुडी मारते."

"मला शिकवू नका. तुमच्या मंडळींनी आपण होऊन मला विचारलंय, माहीत आहे ना?"

माहीत होतं. तेच तर सलत होतं. ताईंनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज थोडा उतरवला. "बरं. एक रविवार. पण उठलात, तर ती जागा माझी. यंदाची नाही, कायमची. मग तुम्ही बसा तुमचे वाफे खणत."

बायकोला हे कळलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "तुम्हाला जमायचं नाही," ती म्हणाली. रागाने नव्हे, उद्या ऊन पडेल असं सांगावं तसं.

वीसमिनिट्यांनी सरावाला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. पहिल्या दिवशी एकोणीस मिनिटं झकास गेली, आणि मग ते कधी उठले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. भानावर आले तेव्हा गॅसच्या शेगडीसमोर उभे होते. दुसऱ्या दिवशी मांडीवर जाडजूड शब्दकोश ठेवला. तो जमिनीवर आपटला आणि खालच्या मजल्यावरून विचारणा झाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले.

"अहो, शाळेत शिक्षा झालीय का?" बायकोने जाता जाता विचारलं.

"हसू नकोस. बावीस झाली."

"बावीस का? मग आता बिस्किट द्यायला हवं."

रविवार उजाडला. ऊन कोवळं होतं, हवेत ओल्या मातीचा वास. मास्तरांनी छापील तक्ते वाटले. वीसमिनिट्यांनी आपल्या तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्या होत्या, जुन्या वहीसारख्या. निदान हाताला काही काम. पाय बाकाखाली एकात एक अडकवून ते बसले. बायकोने दुर्बीण डोळ्यांना लावली आणि त्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरवल्यासारखी बसली.

टिबुकली घरट्यावर होती. हलत नव्हती. अठराव्या मिनिटाला वीसमिनिट्यांच्या पोटऱ्या ताठ झाल्या. एकोणिसाव्याला कपाळावर घाम आला. कुठेतरी पाणी उतरतंय, काटा चढतोय, आणि आपण इथे बसून पाणगवत बघतोय, असं आतून कोणीतरी ओरडायला लागलं. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. बायकोच्या हातातली दुर्बीण किंचित खाली आली. ती वाट बघत होती. ते उठतील याची.

आणि घरट्यावरची टिबुकली उठली.

उठली, मान खाली घातली, चोचीने अंडी एक एक करून हळूच फिरवली, पोटाखाली सारखी केली आणि पुन्हा बसली. चार-पाच सेकंदांचं काम.

"अगं," ते कुजबुजले, "ही बघते."

"शू."

"काच बघते ती. आठ वाजून एक्कावन्न." त्यांनी लिहिलं.

त्यानंतर पाय सुटले असं नाही. पाय तसेच वळवळत होते, गुडघा तर लोहाराच्या भात्यासारखा चालू होता. पण आता त्यांना तिची पुढची वेळ गाठायची होती. नऊ चौदाला ती पुन्हा उठली, मग नऊ अडतीसला. मग दहा वाजून तीन मिनिटांनी. त्या वेळी तिने मान उंचावून पलीकडच्या काठाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि बसली. ती मान वीसमिनिट्यांनी लगेच ओळखली. पाळी संपली, पुढचा आला नाही, जिन्यावर पावलं वाजतायत का ते ऐकणारी मान.

"हिचा रिलीव्हर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नर असेल पलीकडे. आळीपाळीने बसतात दोघं. बोलू नका."

साडेदहाला मास्तरांची शिट्टी वाजली. दोन तास झाले होते. आजूबाजूला झाडांखाली बसलेली मंडळी उठली, पाठी ताणत कुंपणापाशी चहाच्या थर्मासांकडे गेली. पोस्टातल्या ताई कमरेवर हात ठेवून लांबूनच बघत होत्या. वीसमिनिटे बसून होते.

बायको उठली. तिच्या चेहऱ्यावर तिला आवरता न येणारं हसू होतं. "जिंकलात हो. चला आता."

"कसं उठणार?"

"म्हणजे?"

"तिची पाळी संपलीय. दुसरा आलेला नाही. तिला असं एकटीला सोडून?"

"अहो, शिट्टी झाली. चहा संपवतील ती माणसं."

"तू जा. मी आहे."

ती गेली नाही. उभीच राहिली, एका गुडघ्यावरचा भार दुसऱ्यावर टाकत. मग म्हणाली, "लेक झाली तेव्हा दोनच मजले वर होते मी. त्याच इस्पितळात. तीन तास."

"हो."

"दोन मजले चढून आला नाहीत."

"पुढच्या पाळीचा आला नव्हता." हे वाक्य ते आयुष्यभर म्हणत आले होते, पण आज ते म्हणताना त्यांनी घरट्याकडे बोट केलं. "तू वर होतीस म्हणून तर सोडता येत नव्हतं. तुला लागणारं पाणी तिथूनच वर येत होतं. मी दर पाच मिनिटांनी काच बघत होतो त्या दिवशी. वीस नाही. पाच."

 घरट्याकडे बघत बायको हळूच पुन्हा बाकावर टेकली.

"वीसमिनिटे!" ताईंची हाक आली. "उठा की आता! की चिकटलात?"

"थांबा जरा!" हे बायको म्हणाली, तेही हळू आवाजात, पण असं की ताई तिथेच थबकल्या. मग त्यांनी मास्तरांना गप्प केलं आणि सगळ्यांना थर्मासांसकट कुंपणाच्या पलीकडे हाकललं.

काठ मोकळा झाला. तरी दहा मिनिटं काही नाही. टिबुकली दोनदा मान उंचावून बसली. वीसमिनिट्यांचा गुडघा आता तिच्या काळजीने उडत होता, आणि बायकोच्या बोटांनी दुर्बिणीचा पट्टा पिळून काढला होता. "येईल ना?" तिने विचारलं.

"येतो माणूस. उशीर होतो."

मग पाण्यात एक बुडबुडा फुटला आणि घरट्याजवळ दुसरं डोकं वर आलं. चोचीत ओल्या शेवाळाची लांब दोरी. त्याने घरट्याला एक फेरी मारली, शेवाळ कडेला ठेवलं आणि अगदी शेजारी येऊन थांबला. बसलेली घाई न करता उठली, पाण्यात घसरली. तो वर चढला, अंडी बघितली, बसला.

"दहा सत्तेचाळीस," वीसमिनिट्यांनी लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात सही केली. "चल."

ते उठायला गेले आणि धपकन परत बसले. पुन्हा जोर केला. कमरेखाली कापूस भरल्यासारखं झालं होतं. सव्वादोन तास हे पाय एका जागी कधी राहिले नव्हते. ते ठार झोपी गेले होते.

"काय झालं?"

"उठता येत नाहीये."

बायको आधी घाबरली, मग तिच्या लक्षात आलं, आणि मग तोंडावर पदर दाबून ती इतकी हसली की नव्याने बसलेल्याने मान वर करून बघितलं. कुंपणाकडून ताई कुणाला तरी विचारत होत्या, आता काय झालं त्यांना.

"बसा," बायको डोळे पुसत म्हणाली. "मुंग्या उतरायला वीस मिनिटं लागतील."

वीसमिनिट्यांनी घड्याळात बघितलं.