कप्पीकाकाची दुसरी कप्पी

कप्पीकाकाला कुणी जोर लावलेला बघवत नसे. लग्नात चार गडी भाताचा टोप उचलायला वाकले, की हा पंगतीतून उष्ट्या हाताने उठायचा. "अरे भाई, शुं काम एवढा जोर? दोर आणा, बांबू आणा!" लोक हसायचे. तोवर टोप चुलीवरून उतरलेला असायचा आणि काकाचा भात थंड झालेला असायचा.

तो सुतार. मूळचा उंबरगावकडचा, म्हणून बोलण्यात गुजराती मिसळलेली. नरपडला आमच्या घराच्या मागच्या अंगाला राहायचा. तलासरीकडून खैराचं लाकूड आणायचा आणि त्याच्या कप्प्या करायचा. झालेली कप्पी कानाशी धरून फिरवायचा. आवाज आला की पुन्हा तासायला बसायचा. "कप्पी बोलली म्हणजे तिला काहीतरी दुखतंय," असं म्हणायचा आणि आसाला सिफा लावायचा. त्या मासळीच्या तेलाचा वास त्याच्या अंगाला कायम असे. काकी त्यावरून त्याला रोज बोलायची आणि जेवायला मात्र त्याच्याच शेजारी बसायची.

त्या वेळी होड्यांना इंजिनं नव्हती. मी तांडेल होतो, होडी माझ्या हुकमावर चालायची, आणि गावात सगळ्यांत मोठं शीड माझ्या होडीचं. ते चढवायला चार माणसं लागायची. हाळी देऊन आम्ही दोर ओढायचो आणि किनाऱ्यावरची माणसं बघत उभी राहायची. माझं शीड एका दमात चढायचं. मी शाळेत फार गेलो नाही, पण ह्या एका गोष्टीवर मी ताठ मानेने चालत होतो.

काका माझ्या मागेच लागला होता. डोलकाठीच्या टोकाला एक कप्पी होतीच. दुसरी शिडाच्या काठीला बांध आणि दोर दोन्हींतून फिरव, एवढंच त्याचं सांगणं. "दोर दुप्पट ओढावा लागेल, पण ओझं अर्धं होईल. दोन माणसं गाणी म्हणत चढवतील."

"मला चार आहेत," मी म्हणायचो.

"आणि दोनच राहिली तर?"

"मी एकटा तीन माणसांचा आहे, काका. तुझी कप्पी बायकांसाठी विहिरीवर लाव."

"लावली की. त्या तुझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या, तांडेल."

किनाऱ्यावरचे सगळे हसले. मी हसलो नाही. ती कप्पी बसवायची नाही, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

पुढे एकदा माझे दोन खलाशी चिंचणीला लग्नाला गेले आणि तिसरा तापाने पडला. मासळी लागली होती, घरी बसवेना. मी काकाला म्हटलं, चल. तो एका पायावर तयार झाला. येताना धोतरात गुंडाळून कप्पी घेऊन आला, खांद्यावर लांब दोराचं वेटोळं. निघताना किनाऱ्यावरची चार माणसं हाताशी आली, शीड चढलं. समुद्रात आम्ही शीड उतरवून नांगर टाकला आणि जाळं सोडलं. वारा पडला होता, पाणी तेलासारखं.

काका म्हणाला, "आता सगळं शांत आहे. बसवू का?"

मी म्हटलं, "गप बस."

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मी कप्पी उचलून फळ्यांखाली टाकली, जुन्या दोरांच्या गुंत्यात.

दुपारनंतर वारा एकदम उठला. नांगर सरकायला लागला, मागे खडपाच्या खडकांवर लाटा फुटताना दिसत होत्या. शीड चढवल्याशिवाय सुटका नव्हती. कप्पी शोधायला वेळ नव्हता. मी आणि काका दोराला लागलो. आयुष्यभर लोकांना जोर लावू नका सांगणारा तो माणूस छातीने दोर ओढत होता. त्याचा श्वास मला माझ्या मानेवर लागत होता. शीड चढलं. मी नांगराचा आणि जाळ्याचा दोर कापला, होडी वळली, खडप मागे राहिलं.

काका डोलकाठीला टेकून बसला. मी सुकाणूवरून ओरडलो, "बसायची वेळ आहे का ही?"

"आलो," तो म्हणाला.

तो उठला नाही. डहाणूच्या खाडीत शिरताना मी त्याला हलवलं. दोराचं टोक त्याच्या मुठीत तसंच होतं.

काकीने मला एकच विचारलं. "भाऊ, कप्पी लावली होती ना रे?"

मी म्हटलं, "होय. तिच्यामुळेच होडी आली."

"मग बरं," ती म्हणाली. "त्याचं काम कामाला आलं."

दुसऱ्या दिवशी मी कप्पी बसवली. शीड मी एकट्याने चढवलं. इतकं हलकं चढलं की मला तिथेच खाली बसावं लागलं.

पुढे इंजिन आलं, होडी मोडली. कप्पी मी पडवीच्या आढ्याला टांगली. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की ती आपली आपण फिरते आणि कुरकुरते. मी सिफा लावतो. चार दिवस गप्प राहते आणि पुन्हा बोलते. मला त्यात "बसवू का?" एवढंच ऐकू येतं. घरातले म्हणतात, काढून टाका. मी काढत नाही.

नारळी पौर्णिमेला काकी दरवर्षी यायची. स्वतः कुंकू लावत नसे ती, माझ्या बायकोच्या हातून कप्पीला लावून घ्यायची आणि जमलेल्या बायकांना सांगायची, "हिने होडी आणली." मी तिथेच खाली मान घालून बसलेला असायचो. खरं सांगायला तोंड उघडायचो, तेवढ्यात ती माझ्या हातावर नारळ ठेवायची.

बायको आधीच गेली. काकी ह्या उन्हाळ्यात गेली. आता जिला सांगायचं होतं तीच उरली नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

ह्या पौर्णिमेला कुंकवाची वाटी घेऊन मीच कप्पीखाली उभा राहिलो. तीन माणसांचा होतो ना मी. सिफा लावायला जाणारा हात कुंकू घेऊन कप्पीपर्यंत वर जाईना.