डॉयलच्या बक्कलाची पाठ

"घोड्याच्या लगामाचं," ग्लेना म्हणाली.

"मिस ग्लेना, जरा नीट बघा तरी!"

"बघितलं. लगामाचं बक्कल आहे."

"घोडदळातल्या घोड्याचं असेल."

"असेल. घोडा भेटला तर विचारते."

अग्निशमन बंबाच्या हॉलमध्ये हशा पिकला आणि ते बक्कल आणणाऱ्या कर्टिस डव्हचे कान लाल झाले. कर्टिस नळदुरुस्तीची कामं करतो आणि आमच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. आमचं मंडळ म्हणजे स्टोनी रन गावातली, धातू शोधायचं मशीन घेऊन शेतं धुंडाळणारी माणसं. मका निघाला की आम्ही सडांमधून हिंडतो, मशीन किणकिणलं की गुडघ्यावर बसतो आणि मातीतून बटणं, बक्कलं, शिशाच्या गोळ्या काढतो. या खोऱ्यात उत्तर-दक्षिणेच्या यादवी युद्धातल्या दोन्ही फौजा इतक्यांदा आल्या-गेल्या की जमिनीत काहीतरी राहणारच. बहुतेक वेळा मात्र बिअरच्या डब्याची कडी निघते.

त्या लगामाच्या भांडणानंतर कर्टिसच्या बायकोनं घरातला मफिन भाजायचा, वाट्यावाट्यांचा ट्रे आणून दिला आणि तेव्हापासून आमच्याकडे एक रीत पडली. दारातून आत येताना ज्यानं त्यानं आपली वस्तू ट्रेच्या वाटीत टाकायची आणि वरून फडकं ओढायचं. कोणाची आहे, कोणत्या शेतातली आहे, बोलायचं नाही. मग ट्रे ग्लेनासमोर जातो. ती सांगते. ऐकून ज्याला आवडेल तो "माझी" म्हणतो. ज्याला नाही आवडत तो गप्प बसून हॅम-बिस्किट खातो, आणि त्याची वस्तू शाळेतल्या मुलांसाठी ठेवलेल्या डब्यात जाते. कोणाचं नाक कापलं जात नाही. कर्टिसनं त्या डब्यात किती माल घातलाय ते सगळ्यांना माहीत आहे, पण रीत ती रीत.

ग्लेना मॉयर्स उभी राहिली तरी बसल्यासारखी वाटते, एवढीशी बाई. लग्न झालेलं असलं तरी मान म्हणून सगळे तिला मिस ग्लेना म्हणतात. उमेदीची सगळी वर्षं तिनं कोंबड्यांच्या कारखान्यात काढली. सरकत्या पट्ट्यावरून सोललेली कोंबडी पुढे यायची, ती चांगली की बाद, हे ती दुसरी येण्याआधी सांगायची. तीच सवय पुढे बटणं बघताना कामी आली. बटण हातात आलं की आधी उलटं करते. पाठीमागची कडी कशी डाक देऊन जोडली आहे, कारखान्याचं नाव खोलगट आहे की उठावाचं, ते बघते. तोंडाकडे वळते ती सगळ्यात शेवटी. "तोंड सगळ्यांचंच छान असतं," म्हणते. शेतातच थुंकी लावून अंगठ्यानं घासलेलं बटण कोणी आणलं तर ती फक्त मान वर करते. मुलामा त्या एका घासण्यात जातो आणि परत येत नाही. तिचं बघणं सोसण्यापेक्षा शिवी परवडली.

हे सगळं ती नवऱ्यामुळे शिकली. म्हणजे नवऱ्याच्या आळसामुळे. डॉयल मॉयर्स दुधाचा टँकर चालवायचा आणि सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन जायचा. बटणांना तो मोजायचाच नाही. घरी आला की खिसे उलटे करून कचरा टेबलावर ओतायचा. "टाक ते," म्हणायचा. ती टाकायची नाही. धुवायची, वाळवायची, भिंगातून बघायची. बघता बघता तो शोधणारा राहिला आणि ती सांगणारी झाली.

डॉयलला मोठा माल हवा होता आणि तो त्याला मिळाला. लग्नाला दहाएक वर्षं झाली असतील. ओढ्याकाठच्या शेतात मशीन असं ओरडलं की त्याला वाटलं पुरलेला नळ लागला. निघालं ते दक्षिणेच्या फौजेतल्या शिपायाचं पट्ट्याचं बक्कल. चौकोनी, पितळी, वर फौजेची दोन अक्षरं, अंगभर हिरवी कळक. असं बक्कल आमच्या खोऱ्यात कोणालाच मिळालेलं नव्हतं. डॉयलनं ते निळ्या मखमलीवर डिंकानं चिकटवलं, काचेच्या चौकटीत घातलं आणि बैठकीच्या खोलीत टांगलं. तेव्हापासून तो बक्कलवाला डॉयल झाला. नाश्त्याच्या हॉटेलात परका माणूस दिसला की कोणीतरी म्हणणारच, "हा बघा, बक्कलवाला." डॉयल "जाऊ द्या हो" म्हणत खुर्ची ओढायचा आणि अख्खी गोष्ट सांगायचा.

ग्लेनाला शंका आली ती बऱ्याच वर्षांनी. चर्चमधल्या बायकांबरोबर ती रिचमंडला गेली होती. तिथल्या संग्रहालयात अस्सल बक्कल काचेखाली ठेवलं होतं. तिनं काचेवर अंगठा टेकवून त्याचं माप घेतलं. घरी आल्यावर, डॉयल अंघोळीला गेलेला असताना, तोच अंगठा भिंतीवरच्या चौकटीवर टेकवला. डॉयलचं बक्कल केसभर लहान होतं. आणि त्याच्या अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या होत्या. अस्सल वस्तूवरून साचा करून नक्कल ओतली की थंड होताना धातू आकसतो. तिला हे माहीत होतं. हेही माहीत होतं की युद्धाची शंभरी साजरी झाली त्या सुमारास हौशी मंडळी शिपायांचे कपडे घालून इथल्याच शेतांतून लुटुपुटीच्या लढाया खेळायची, आणि त्यांची पट्ट्याची बक्कलं नकली असायची. त्यातलं एखादं पडलं आणि वर खताची माती पडत राहिली, तर पितळ वीस वर्षांत असं कळकतं की भल्याभल्यांना शंभर वर्षांचं वाटावं. आमच्यातल्या प्रत्येकानं एकदा तरी हा मार खाल्लेला आहे.

पण खात्री पाठ बघूनच होते. आणि गावातल्या प्रत्येक बटणाची पाठ बघणाऱ्या ग्लेनानं नवऱ्याच्या बक्कलाची पाठ कधी मागितली नाही. त्यानंही दाखवली नाही.

असंच चाललं असतं. पण यंदा काउंटीच्या इतिहास-दालनातून रोंडा हेल्सलीचा फोन आला. दालनाला नवी काचपेटी मिळाली होती. तिच्यात डॉयलचं बक्कल ठेवायचं, खाली पितळी पट्टीवर त्याचं नाव, शाळांच्या सहली येणार. डॉयल लगेच हो म्हणाला. नवा शर्टही आणला. ग्लेनानं शर्टाला इस्त्री केली. एकदा ते तिथे गेलं की कधी ना कधी कोणी जाणकार येणार, पेटी उघडायला लावणार आणि बक्कल उलटं करणार. मग पट्टीवर नाव डॉयलचं असणार.

नोव्हेंबरच्या बैठकीला गर्दी चांगली होती. कर्टिसनं ट्रे आणून ग्लेनासमोर ठेवला आणि फडकं काढलं.

"पितळी सपाट बटण," तिनं सुरुवात केली. "जुनं आहे, युद्धाच्याही आधीचं. शेतकऱ्याच्या कोटाचं."

"माझं!" मागून कोणीतरी.

"गॅलसचा चाप. हे ट्रॅक्टरचं काहीतरी."

"स्पॅनिश वाटलं होतं मला," कर्टिस पुटपुटला.

"कर्टिस, रीत काय आहे?"

"गप्प बसायची."

पुढच्या वाटीत एक चौकोनी वस्तू तिरकी बसली होती. पालथी. ग्लेनानं ती उचलली आणि नेहमीसारखी भिंगाखाली धरली. पाठीवर वाळलेला डिंक होता आणि डिंकात निळ्या मखमलीची लव.

तिचा हात थांबला. आम्हाला वाटलं, भिंग पुसायचंय.

डॉयल कॉफीच्या मशीनशेजारी उभा होता, हातात भरलेल्या अंड्याचा अर्धा तुकडा. तो तिच्याकडे बघत नव्हता. खिडकीतून बाहेर उभ्या बंबाकडे बघत होता, जणू विकत घ्यायचाय.

"अवघड आहे का?" कर्टिसनं विचारलं.

"नाही."

"मग?"

ग्लेनानं आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. वर बघून सगळ्या हॉललाच विचारलं, "ज्याचं असेल त्याला खरंच ऐकायचंय का?"

"अहो मिस ग्लेना, ऐकायचं नसतं तर ट्रेमध्ये टाकलं कशाला असतं?"

"तुला नाही विचारलं."

बिस्किटांच्या डब्याचं झाकण कोणीतरी हळूच लावलं. मग कॉफीच्या बाजूनं डॉयलचा आवाज आला, अगदी साधा, मीठ मागावं तसा.

"सांगून टाक, ग्लेना. अजून बऱ्याच वाट्या आहेत."

ती परत भिंगावर वाकली. यावेळी पूर्ण बघितलं. डिंकाखालचा भाग नखानं साफ केला, पट्ट्यात अडकवायचे आकडे बोटानं चाचपले.

"ओतीव आहे," ती म्हणाली. "अस्सलवरून साचा घेऊन केलेली नक्कल. आकड्यांवर घासल्याचे ओरखडे आहेत, सगळे एका अंतरानं. हातानं असे येत नाहीत, मशीनवर घासलेत. साठ सालच्या आसपासची. लढाई खेळायला आलेल्या कोणाच्या तरी पट्ट्यावरून पडली."

आणि तिनं ती वस्तू वाटीत परत ठेवली. पालथीच.

"तोंड नाही बघितलंत," कर्टिस म्हणाला.

"गरज नाही."

"निदान आम्हाला तरी—"

"गरज नाही म्हटलं ना, कर्टिस."

कर्टिसनं रीतीप्रमाणे विचारलं, "कोणाची?" रीतीप्रमाणेच थोडा थांबला. गप्प राहायची मुभा होतीच. आणखी क्षणभरानं ती वस्तू डब्यात गेली असती, रिकाम्या चौकटीचं काय ते डॉयलनं घरी निस्तरलं असतं, आणि रोंडाला काहीतरी कारण सांगितलं असतं. कर्टिसनं वाटीकडे हात नेला.

डॉयलनं अंड्याचा तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला.

"माझी," तो म्हणाला.

पुढे येऊन त्यानं बक्कल उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं सुलटं केलं. ती दोन अक्षरं आम्ही सगळ्यांनी त्याच्या भिंतीवर बघितली होती.

"डॉयल, हे म्हणजे... तेच?" कर्टिस.

"तेच. दुसरं कुठून आणू?"

"अरे, पण मिस ग्लेना, तुमच्या लक्षात आलं नाही का हे—"

"कर्टिस," डॉयल म्हणाला, "पुढची वाटी घे. तुझीच दिसतेय. तिला जास्त हसू येईल."

लोक हसले, पण बेतानं. बैठक लवकर उरकली.

घरी जाताना ट्रक ग्लेना चालवत होती. डॉयलच्या डोळ्यांना संध्याकाळी समोरून येणारे दिवे सोसत नाहीत.

"कधीपासून ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"रिचमंडला गेले होते तेव्हापासून."

"एवढी वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"पाठ बघितल्याशिवाय मी बोलत नाही."

"मग बघायची होतीस!"

"दाखवायची होतीस."

त्यानं समोरचा कप्पा उघडून टायरची हवा मोजायचं यंत्र, रुमाल, पावत्या बाजूला केल्या आणि आतून दुसरं बक्कल काढलं. तेच आकारमान, तीच कळक. पहिल्या अक्षराच्या पोटात जो तांदळाएवढा फोड त्याच्या बक्कलावर होता, तोच, त्याच जागी.

"हे कुठलं?"

"त्याच शेतातलं. गेल्या महिन्यात काढलं. दोन शिपायांची बक्कलं एकाच फोडाची कशी असतील गं?"

"नसतात. एकाच साच्यातली आहेत."

"तेच म्हटलं मी. मग म्हटलं, तुला विचारावं. पण घरात विचारलं असतं तर तू मला सांभाळून घेतलं असतंस."

"घेतलं असतं."

"म्हणून ट्रे."

"मी तिथेही तुला वाट ठेवली होती. पालथं ठेवलं होतं."

"बघितलं मी," डॉयल म्हणाला. "पण गप्प बसलो असतो तर उद्या तुझं बोलणं खोटं ठरवून मला हे दुसरं रोंडाकडे न्यायचा मोह झाला असता. सावकाश घे, वळणावर हरणं असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वयंपाकघरातून रोंडाला फोन लावला. ग्लेना बटाटे सोलत होती. तिला एकच बाजू ऐकू येत होती.

"रोंडा? डॉयल बोलतोय. ते बक्कल नाही देता येणार... नाही, विकलं नाही. नकली आहे... हो. नकली. लढाई-लढाई खेळणाऱ्या कोणाचं तरी... कोण म्हणालं म्हणजे? बायको म्हणाली... हो, सगळ्यांसमोर... नाही गं, भांडलो नाही. सकाळी अंडी तिनंच करून दिली... पट्टी? नाव कोरूनसुद्धा झालं?"

इथे तो मानेमागचं कातडं चोळत राहिला.

"मग आता ती मागच्या बाजूनं कोर," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाचं तरी. पितळ चांगलं असणार."

फोन ठेवून तो टेबलाशी येऊन बसला. दारापलीकडच्या बैठकीच्या खोलीत, भिंतीवर चौकटीच्या जागी रंग गडद दिसत होता, आजूबाजूचा उन्हानं उडालेला. तो तिकडे बघत बसला. ग्लेनानं बटाटे सोलायचे थांबवले नाहीत.

"काय म्हणाली?"

"वाईट वाटलं म्हणाली. बिचारीला शर्टाबद्दल माहीत नाही."

"चर्चला घाल."

"घालतो." त्यानं एक सोललेला बटाटा उचलला, खाली ठेवला. "सोयाबीन निघालं का गं लोकांचं?"

"बहुतेकांचं निघालं."

"जाऊन येतो थोडा वेळ."

"ओढ्याकाठी?"

"छे!" डॉयल बूट शोधत म्हणाला. "तिथं दोन नकली निघालीत. ती लढाई खेळणारी माणसं एवढी ढिसाळ होती, तर तिसरंही तसलंच असेल."