मामाजींची हद्द

आकाशात सीमेचा दगड रोवायचा राहून गेला आहे, ही गोष्ट साऱ्या जगात फक्त एकाच माणसाला मनापासून खटकत होती, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. हे मामासासरे, आमच्या नागपूरच्या रीतीप्रमाणे मामाजी, निवृत्त मोजणीदार होते. सावनेर, कुहीकडची शेतं साखळीने मोजण्यात त्यांचा जन्म गेला होता. भावाभावांनी हळूच सरकवलेले धुरे, म्हणजे शेतांमधले बांध, त्यांनी पुन्हा जागच्या जागी आणून बसवले होते. "मानूस खोटं बोलंन, कागद खोटा बोलंन, साखळी नाही बोलत," हे त्यांचं ब्रीद. सकाळच्या चहाचा कपसुद्धा ते बशीच्या बरोबर मध्यावर ठेवत आणि तो तिथे नसला तर मामींना काही न म्हणता उचलून ठेवत. अशा माणसाला जावई मिळायला हवा होता एखादा घड्याळजी. मिळालो मी, रेडिओ लायसन्सचा इन्स्पेक्टर.

आता हे काय प्रकरण, ते सांगायला हवं. त्या काळी घरात रेडिओ ठेवायला सरकारचं लायसन्स लागत असे. त्याचं एक लहानसं बुक असे, दरवर्षी त्यात तिकीट चिकटवून पोस्टाचा शिक्का मारून घ्यायचा. हे न करता गाणी ऐकणं हा गुन्हा होता आणि असे गुन्हेगार पकडायला सरकारने मला नेमलं होतं. माझ्या नातवंडांना हे सांगितलं की ती मी भोसल्यांच्या दरबारात होतो अशा नजरेने माझ्याकडे पाहतात. कायदा मुळात इंग्रजांनी तारा आणि खांब यांच्यासाठी केलेला, त्यात रेडिओ मागाहून कोंबला होता. घरांवर एरियलच्या जाळ्या होत्या तोवर माझी नोकरी सोपी होती. मान वर करून सायकल चालवायची, एवढंच कौशल्य. त्यात मी दोनदा नालीत पडलो. मग ट्रान्झिस्टर आले, जाळ्या गेल्या आणि सगळंच ओम्फस झालं. लायसन्स लिहिलेलं घराच्या पत्त्यावर आणि सेट बसलेला कुणाच्या बैलगाडीत, कुणाच्या भाजीच्या टोपलीत. गाणी समुद्रापलीकडून येत होती आणि ती अडवायला सरकारचा कायदा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून फिरत होता. शिवाय माझी हद्द कन्हानच्या पुलापर्यंतच. पुलापलीकडे माझं कोणी ऐकत नसे. अलीकडे ऐकत असत, असंही नाही.

लग्नानंतर मामाजींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. फडताळात ट्रान्झिस्टर दिसला. नवा जावई, नवी नोकरी, अंगात नको तितकी रग. वरणभात कालवता कालवता मी सहज विचारावं तसं विचारलं, "मामाजी, सेटचं लायसन आहे ना?" बायकोने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. मामाजी मात्र खूश झाले. हात धुऊन त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं बुक आणलं. एकेक तिकीट फूटपट्टी लावून चिकटवलेलं. ते मला दाखवून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "जवाईबापू, हे लायसन या घराचं हाये. मी सेट घेऊन कुहीले गेलो तर?"

"अर्ज करावा लागेल," मी रुबाबात म्हणालो. माझ्या नोकरीतलं सगळ्यात घातक वाक्य हेच.

दुसऱ्या दिवसापासून अर्ज सुरू झाले. "सेट मंगळवारी कुहीस नेत असून वाटेत तो पूर्ण मौन राहील, याची हमी देतो." "सेट परत आणला आहे. जाताना होता तेवढाच आहे." एकदा विचारलं होतं की शेजाऱ्याचा रेडिओ आमच्या घरात ऐकू येतो, तर लायसन्स बोलणाऱ्या घराचं की ऐकणाऱ्या घराचं? या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती, म्हणून मी ते वर पाठवी. वरच्यांना येत नव्हती, म्हणून ते माझ्याकडे परत येत. प्रत्येक फेरीत एक शेरा वाढे आणि फाईल बाळसं धरी.

मामाजींच्या घरात जायचं तर परदेशवारीची तयारी ठेवावी लागे. कुठलं स्टेशन घरात कुठे स्वच्छ लागतं, हे त्यांनी साखळी टाकून मोजलं होतं आणि जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या होत्या. लंडन न्हाणीच्या उंबऱ्यावर, मॉस्को जिन्याखाली, सिलोन मामींच्या चुलीपासून तीन हात. मामी परात घेऊन बसल्या की मामाजी म्हणत, "जरा सरकाव वं, सिलोनात बसून रायली तू." मामी जागच्या न हलता म्हणत, "अजी, त्या सिलोनाले सांगा सरकाले. माह्या भाकरी होऊन रायल्या."

पण ऐकणं वेगळं आणि हद्द वेगळी. न विचारता कोणी आपल्या घरात शिरावं, हे मोजणीदाराला कसं खपणार? मामाजींनी परदेशांतल्या साऱ्या स्टेशनांना शुद्ध मराठीत नोटिसा धाडल्या. "आपण आमच्या राहत्या घरात विनापरवाना प्रवेश करीत आहात. खुलासा करावा. तूर्त बुधवारी आवाज बारीक येतो, तो वाढवावा." आणि गंमत म्हणजे उत्तरं आली! एकाने रंगीत कॅलेंडर पाठवलं, एकाने छातीला लावायचा बिल्ला, आणि तिघांनी आपला आवाज नागपूरपर्यंत पोचल्याचं कळवल्याबद्दल आभार मानले. मामाजी ते कागद घेऊन तडक माझ्या ऑफिसात. "कबूल केलं न त्यायनं! आता काढा समन्स." मी म्हटलं, "मामाजी, माझी हद्द कन्हानच्या पुलापर्यंत." त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. तसं मग आयुष्यभर पाहत राहिले.

एका वर्षी मात्र त्यांनी लायसन्सचं तिकीट लावलंच नाही. अर्ज आला: सरकारने आधी आकाशाची चतुःसीमा लिहून द्यावी, मग लगेच तिकीट लावतो. त्याच सुमारास आमच्याकडे नवे साहेब आले होते. त्यांनी ती वीतभर जाड फाईल उचलली आणि विचारलं, "हे गृहस्थ तुमचे कोण?" मी म्हणालो, "अर्जदार." ज्यांच्या घरी मी दर सणाला पाटावर बसून जेवत होतो, त्यांना मी एका शब्दात झटकलं. साहेबांनी सेट जप्त करायचा हुकूम काढला आणि तो माझ्याच हातात दिला.

दोन पंच घेऊन मी मामाजींच्या घरी गेलो. पंचनामा कुठून सुरू करावा ते मला सुचेना, तेव्हा मामाजींनीच तो मला सांगितला. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. "लिहा. सेटच्या पूर्वेस भिंत. पश्चिमेस लोखंडी पेटी. उत्तरेस अर्जदार स्वतः. दक्षिणेस जवाई." इथे ते थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, "वरची सीमा रिकामी सोडा. सरकारचं उत्तर आलं की भरू." पंचांना चहा मामींनी केला. सेटला सील करायच्या लाखेसाठी मेणबत्तीही मामींनीच दिली. सेट माझ्या ऑफिसच्या कपाटात गेला आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे. सासरी माझी काय पत उरली, ते सांगत नाही. बायको त्यानंतर आठ दिवस मला नुसतं वाढत होती, वाढू का म्हणून विचारत नव्हती.

नवव्या दिवशी मामी आमच्या घरी आल्या. एकट्या कधी येत नसत. त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि मला बाहेर ऐकू जाईल इतक्या आवाजात माझ्या बायकोशी बोलल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा सुधाकर वीजकामाला आखाताकडे गेलेला, दोन वर्षांत घरी आला नव्हता. त्याचं पत्र आलं होतं. तिथल्या स्टेशनवर हिंदी फर्माइशीचा कार्यक्रम होतो, त्यात त्याने आईवडिलांसाठी गाणं मागितलं होतं. गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तिथून त्यांची नावं घेणार होते. पत्राला पोचायला इतके दिवस लागले होते की गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता. "पोरगं तिकडून मायबापाचं नाव घेऊन रायलं अन् सेट कपाटात हाये," मामी म्हणाल्या. "मी काई म्हनून नाही रायली वं पोरी. सांगून रायली फक्त."

साहेब किल्लीसकट दौऱ्यावर. गुरुवारी संध्याकाळी मी आमच्या घरचा ट्रान्झिस्टर कापडी पिशवीत घातला, वर मेथीची जुडी ठेवली आणि सायकलवर टांग मारली. सक्करदऱ्याच्या चौकात शिपायाने शिट्टी वाजवली तेव्हा माझं पाणी पाणी झालं. सायकलला दिवा नव्हता, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी त्याला न विचारता सांगितलं, "मेथी आहे."

मामाजी दारात उभे. पिशवीतला सेट पाहिला आणि हात पुढे केला. "लायसन?" मी मोठ्या ऐटीत बुक काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, पुन्हा उलटली. "जवाईबापू, दोन साल झाले, तिकीट नाही याच्यात."

साऱ्या नागपूरला लायसन्सची आठवण करून देत हिंडणारा मी, स्वतःचंच विसरलो होतो! दोन वर्षं मी सरकारी गुन्हेगार होतो आणि रोज सकाळी स्वतःला शोधायला सायकलवर निघत होतो. जमीन दुभंगली असती तर मी सायकलसकट आत गेलो असतो. मामाजी हळू आवाजात म्हणाले, "या घरात बिनलायसनचा सेट नाही वाजत."

मामी आतल्या उंबऱ्यावर बसल्या. घड्याळात सातला दहा कमी होते. "साऱ्या जिंदगीत मी तुमच्या साखळीच्या आड नाही आली," त्या म्हणाल्या, "आज माह्या पोराचं नाव हाये जी."

मामाजींनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी उचलली आणि आम्हाला मागच्या दाराने बाहेर नेलं. तिथे त्यांची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांच्यामध्ये दोन हात रुंदीची बोळकांडी होती. गवत, विटांचे तुकडे, एक फुटकं मडकं. मामाजी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "इथं वाजवा. ही जागा कोनाचीच नाही. हा लेआउट मीच मोजला होता. साखळीची एक कडी वाकली होती, मले मालूम नाही पडलं. दोन हात सुटले. ना माह्या प्लाटात, ना त्याच्या, ना सरकारच्या. नकाशातच नाही. इथं कोनता कायदा लावता?" आणि मग अगदी लहान मुलासारखं म्हणाले, "कोनाले सांगजा नोको."

दुसऱ्यांचे बोटभर सरकलेले धुरे जागेवर आणणाऱ्या या माणसाने स्वतःची एवढी चूक वर्षानुवर्षं मागच्या दाराआड झाकून ठेवली होती. आणि ती आज माझ्यासमोर उघडी केली, तीही सेट जप्त करणाऱ्यासमोर.

आम्ही तिघे त्या पट्टीत तिरपे उभे राहिलो. मध्ये मामी, छातीशी सेट धरून. मी काटा फिरवत होतो. खरखर, मग कुठलीशी बातमी, मग दुसऱ्याच देशाचा तमाशा, पुन्हा खरखर. आणि एकदम एक बाई हिंदीत बोलू लागली. सुधाकरचं नाव आलं. मग नागपूर, हिंदुस्तान. मग माताजी शांताबाई. मग मामाजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, साऱ्या आभाळातून. मामाजी ताठ झाले आणि हळूच म्हणाले, "हाजर."

गाणं सुरू झालं आणि दोन ओळींत खरखरीने गिळून टाकलं. मी काट्याशी झटापट करू लागलो तर मामींनी माझा हात धरला. "राहू द्या गाणं. नाव घेतलं न." मामाजी दोन भिंतींमधल्या आभाळाच्या पट्टीकडे पाहत होते. "किती देश ओलांडून आलं असंन हे," ते म्हणाले, "एकानंही नाही अडवलं जी." त्या क्षणी मला माझी नोकरी फार क्षुल्लक वाटली आणि तिचं वाईटही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टाच्या रांगेत मामाजी माझ्यापुढे उभे होते. दंडासकट तिकीट लावून त्यांनी मागे वळून माझंही बुक मागून घेतलं, आणि माझं तिकीट सरळ लागलं की नाही ते स्वतः पाहिलं. साहेब दौऱ्यावरून परतल्यावर सेट सुटला, पण अर्ज काही थांबले नाहीत. पुढे सरकारने रेडिओचं लायसन्सच काढून टाकलं. मला वाटलं, मामाजी पेढे वाटतील. ते बुक घेऊन ऑफिसात आले, समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता अर्ज कोनाकडे करू, जवाईबापू?" मी त्यांची ती फाईल रद्दीतून उचलून घरी आणली. अजून माझ्याकडे आहे. वरच्या सीमेचा रकाना रिकामाच आहे.

मामाजी गेले, पाठोपाठ मामीही गेल्या. घर विकायला सुधाकर आला, तेव्हा एक तरुण मोजणीदार टेप घेऊन आला होता. त्याने मागची बाजू तीनदा मोजली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "साहेब, इथं दोन हात जास्त येऊन राहिले. जुन्या मोजणीत कोणाची चूक आहे?"

"तुमचा टेप ढिला असेल," मी म्हणालो. माझ्या उभ्या नोकरीत मी दडपलेला हा दुसरा गुन्हा. पहिला माझ्याच लायसन्सचा.

तो गेल्यावर सुधाकरने विचारलं, "भाऊजी, मी फर्माइश धाडली होती, ती आईबाबांनी आयकली होती न? कोणत्या खोलीत बसून?" मी त्याला मागच्या दाराने त्या पट्टीत घेऊन गेलो. आम्ही दोघे तिरपे उभे राहिलो. गवत गुडघ्याएवढं झालं होतं. त्याचं नाव आलं तेव्हा मामींनी सेट कसा धरला होता, ते मी त्याला दाखवलं. आणि स्वतःचं नाव ऐकून मामाजी काय म्हणाले, तेही सांगितलं. तो भिंतीला हात लावून उभा राहिला, आणि मलाही तिथून निघावंसं वाटेना.