हिलाल आप्पांचा दोर

कारागिराने छज्ज्यावर पाय ठेवण्याआधी हिलाल आप्पा त्याच्या कमरेला स्वतःच्या हाताने दोर बांधत. गाठ मारली की दोनदा जोरात ओढून बघत आणि मग भटजीने गोत्र विचारावं तसं विचारत, "कोणासाठी परत यायचं?" समोरच्याने नाव घेतल्याशिवाय आप्पा दोर सोडत नसत. कोणी आईचं नाव घेई, कोणी लेकीचं. आमच्या दुकानातला अथाल गावचा जिग्नेश बिनलग्नाचा. तो म्हणे, "आप्पा, नव्या मोटरसायकलसाठी." आप्पा म्हणत, "चालेल. पण ये."

सिल्वासात नरोली रस्त्याला आप्पांचं एसी दुरुस्तीचं दुकान होतं. एसीचा जो भाग भिंतीबाहेर टांगलेला असतो, त्याला आम्ही आउटडोर म्हणतो. तो उघडायचा तर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर वीतभर छज्ज्यावर उभं राहावं लागतं. आमचे हे, प्रकाश, आधी प्लास्टिकच्या कंपनीत होते, मग आप्पांकडे लागले. मी शहाद्याकडची, आठवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन नरोलीच्या भाड्याच्या खोलीत आले तेव्हा ओळखीचं असं एक माणूस नव्हतं. हे कामाला गेले की दिवसभर मला तो छज्जा दिसायचा. प्रत्यक्ष पाहिला नव्हता, तरी दिसायचा.

एकदा मी डबा द्यायला दुकानात गेले. सगळे मागच्या बाजूला मशीन धूत होते आणि फोन वाजत होता. वाजून वाजून कोणी येईना, म्हणून मीच उचलला. कोणी बाई होत्या, एसीतून धूर येतोय म्हणत होत्या. मी घाबरून विचारत सुटले, "मेन बटण बंद केलं ना? मुलं लांब आहेत ना? नक्की बंद केलं ना? परत एकदा बघून या हो!" फोन ठेवून वळले तर आप्पा हात पुसत दारात उभे.

"परकाश, एवढी भित्री कुठून आणली रे?"

"शहाद्याहून, आप्पा."

आप्पा अमळनेरकडचे. बोलता बोलता त्यांच्या तोंडी अहिराणी यायची. मला म्हणाले, "बेटी, तू भलती भित्री शे. कामनी शे. उद्यापासून फोनवर बस." माझ्या भित्रेपणाला जन्मात पहिल्यांदा कोणी कामाचं म्हटलं होतं. माहेरी त्याच्यावरून मला 'ससुली' म्हणायचे.

फोनवर बसले आणि कळलं, की आप्पांचा धंदा उन्हाळ्याचा असला तरी त्यांचं मन थंडीत लागलेलं असतं. संक्रांतीचा तिळगूळ संपला की ते मला बसवून सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावायला सांगत. "साहेब, फिल्टर धुतलेत का? कॉइल साफ करून घ्या, गॅस गळतोय का बघून घ्या. होळीनंतर रांग लागते." लोक हसत. "वैशालीबेन, अजून रजई बाहेर आहे आमची! धंदा बसला का तुमचा?" मी ओशाळून आप्पांकडे बघे. आप्पांचं आपलं ठरलेलं उत्तर, "त्यांना सांग, मशीन एकदम मरत नाही. आधी महिनाभर कण्हतं. ऐकणारा पाहिजे."

दरवर्षी दुरुस्ती महागच होत गेली. तांबं वर गेलं, गॅस वर गेला, आणि आतलं सर्किटचं कार्ड जळलं तर त्याचा भाव ऐकून माणूस नवीन एसीचीच चौकशी करी. फोनवर बोलणी मला बसत, जणू तांब्याची खाण माझ्या माहेरची! आप्पा म्हणत, "माघात उघडलं तर धूळ निघते. वैशाखात उघडलं तर खिसा निघतो. आपण माघातच सांगितलं होतं, म्हणून तू मान खाली घालायची नाही."

पण खरं कारण खिशाचं नव्हतं. वैशाखात सगळ्या सिल्वासाचे एसी एकाच दुपारी बंद पडतात आणि सगळ्यांना माणूस आत्ताच्या आत्ता हवा असतो. घाई झाली की पहिला विसरतो तो दोर. आप्पांचा डावा पाय अशाच एका दुपारी गेला होता. पाय होता जागेवर, पण चालताना मागे राहायचा. कोणी विचारलं तर म्हणत, "सगळे जिन्याने उतरतात, मी एकदा थेट उतरलो. वेळ वाचला." आणि स्वतःच हसत. मग मागून तेच दोन-तीन शब्द, जे दिवसातून शंभरदा आमच्या कानावर पडत, "कसानी घाई शे?" कसली घाई आहे?

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा व्हायची. पान्हे, गॅसचं मीटर, ड्रिल, सगळं मांडून मधोमध दोन नवे कोरे दोर, हळदकुंकू लावून. आणि पूजा झाली की जुने दोर आप्पा विळ्याने कापून टाकत. दिसायला धडधाकट असले तरी. "जुना दोर ठेवला, की घाईत तोच हाताला येतो," म्हणत. तुकडे आम्हाला वाटून देत. माझ्या खोलीबाहेर कपडे वाळतात ते अजून त्याच दोरावर.

जिग्नेश मला चिडवायचा. "भाभी, प्रकाशभाई रोज छज्ज्यावर उखाणा घेतात तुमच्या नावाचा. एवढा तर लग्नातपण घेतला नसेल!" मी लटकं रागवायची. पण खरं सांगते, त्यानंतर तो छज्जा मला दिसायचा थोडा कमी झाला.

मग ती मे महिन्यातली दुपार आली. आप्पा आणि जिग्नेश एक दोर घेऊन राखोलीला एका कंपनीच्या ऑफिसात गेले होते. दुसरा दोर दुकानात खुंटीला. हे नरोलीत तळमजल्यावरचं काम करत होते, तिथे दोराचं काय काम? तेवढ्यात एका मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. घरात मुलीचा साखरपुडा आणि हॉलचा एसी बंद. अख्ख्या सोसायटीचं काम आमच्याकडे होतं. याच साहेबांना मी माघात दोनदा फोन केला होता आणि दोनदा त्यांनी "बघू" म्हटलं होतं. ह्यांना जवळ पडेल म्हणून मी तिकडे पाठवलं, म्हटलं, आधी आतूनच बघून या. थोड्या वेळाने ह्यांचाच फोन.

"वैशाली, बाहेरच्या बाजूचं आहे. तिसरा मजला. पाच मिनिटांचं काम आहे गं, मी करून टाकतो."

"दोर?"

"अगं, पाच मिनिटं."

मी म्हटलं, "मी रिक्षाने दोर घेऊन येते. तोवर खिडकीबाहेर जायचं नाही."

तेवढ्यात सेक्रेटरींनी फोन हिसकावून स्पीकरवर टाकला. "ओ ताई, पाहुणे दारात आलेत माझे! तुमचा माणूस तयार आहे, तुम्हाला काय त्रास आहे? शेठला द्या फोन."

"शेठ बाहेर आहेत, साहेब. मला अर्धा तास द्या."

"अर्धा तास! समोरच्या दुकानाचा माणूस बिनदोराचा चढतो, तुमचे काय काचेचे आहेत?"

मी म्हटलं, "हो साहेब, आमचे काचेचे आहेत."

आजही विचारलं तर सांगता येणार नाही, हे माझ्या तोंडून कसं निघालं. ते म्हणाले, "मग राहू द्या. परत या सोसायटीत पाय ठेवायचा नाही." आणि फोन बंद. सगळी सोसायटी गेली. हे परत आले ते फुगून. "आप्पांचं मोठं गिऱ्हाईक घालवलंस," एवढंच बोलले. मी खुंटीवरच्या दोराकडे बघत बसले. मनात गावाला जायचं बोचकंसुद्धा बांधून झालं होतं.

संध्याकाळी आप्पा आले, पाय ओढत. मी रडत रडत सगळं सांगितलं. काचेचं वाक्य सांगायला नको वाटत होतं, पण जिग्नेशने ते ह्यांच्याकडून फोनवर आधीच काढून घेतलं होतं, तो म्हणाला, "आप्पा, भाभीने असा जवाब दिला ने!" आप्पांनी तेही ऐकून घेतलं. हे मान खाली घालून उभे. आप्पांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण बोलले माझ्याशी.

"बेटी, मी इतकी वर्षं दोर बांधतो, तो माणूस समोर उभा करून. तू इथे बसून बांधला. दोन कोस लांबून. अशी गाठ मला येत नाही."

मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "गिऱ्हाईक काय, दुसरं येईल. चहा सांग."

त्या सोसायटीचं काम परत आलं नाही. कधीच आलं नाही. पण पुढच्या खंडेनवमीला पूजेत तीन दोर होते. तिसऱ्याला हळदकुंकू आप्पांनी मला लावायला लावलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "ही आमची वैशाली. हिला विचारल्याशिवाय आमचा माणूस खिडकीबाहेर जात नाही." आठवीत शाळा सुटलेल्या बाईला आणखी काय पाहिजे असतं?

गेल्या दिवाळीला आप्पा गावी गेले ते परत आले नाहीत. झोपेतच गेले, असं त्यांच्या मुलाने कळवलं. जिग्नेश म्हणाला, "दुसऱ्यांदाच थोडी घाई केली आप्पांनी." आणि तोंड फिरवून मशीन धुवायला गेला.

दुकान आता हे बघतात. यंदाही तिळगूळ संपल्यावर मी फोन लावायला बसले. लोक अजून हसतात, पण पुष्कळसे "पाठवा माणूस" म्हणतात. माघातल्या पहिल्याच कामाला हे आणि जिग्नेश चौथ्या मजल्यावर गेले. थोड्या वेळात ह्यांचा फोन. 

"काय झालं? दोर आहे ना?"

"आहे. जिग्नेशने गाठ मारली, मी ओढूनही बघितली. पण तो विचारत नाहीये. म्हणतो, ते आप्पांचं काम, माझं तोंड उघडत नाही." मग म्हणाले, "तू विचार ना."

दुकानात एक गिऱ्हाईक बसलं होतं. बसू दे. मी विचारलं, "कोणासाठी परत यायचं?"

ह्यांनी माझं नाव घेतलं. 

"जा मग," मी म्हटलं. "सावकाश. कसानी घाई शे?"